नकाराचे व्याकरण

दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर नावाची सरकारी नोकरांची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती उभी राहिली, तेव्हा ह्या परिसराला विनय नगर म्हणत. पुढे सरोजिनी नायडूंचे नाव तिला मिळाले. दुमजली घरे, त्यांच्यापुढचे हिरवळीचे चौक, कडुनिंबाची आणि जांभळीची झाडे, आणि पलीकडे दिवसभर गजबजलेला बाजार, असे तिचे रूप कितीतरी वर्षे टिकून होते. भारतातील बहुतेक सर्व भाषा बोलणारी माणसे येथे शेजारी शेजारी राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. बदलीचा हुकूम आला की यायचे, दुसरा हुकूम आला की जायचे, अशी त्यांची रीत.

अशा वसाहतीतील एक मराठी घर श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. वडील एका मंत्रालयात अधिकारी आहेत. आजी वर्ध्याकडच्या. मुलगी महाविद्यालयात शिकते आणि संध्याकाळी स्पॅनिश भाषेच्या वर्गाला जाते. दिल्लीत ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशचे उच्च शिक्षण मिळते. हनुमान रोडवर स्पेन सरकारची सेर्व्हान्तेस संस्था २००९ पासून वर्ग चालवीत आहे. स्पेन आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतील बहुतेक देश धरून वीस राष्ट्रांचा कारभार ह्या भाषेतून चालतो. तेव्हा मुलीची निवड शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

एके दिवशी तिच्या वहीत तांबड्या शाईची रेघ उमटते. वाक्य अगदी साधे होते. मैत्रिणीला ‘बोलू नकोस’ असे सांगायचे होते. ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’ हे तिला ठाऊक होते, आणि नकारासाठी ‘नो’ हा शब्द ठाऊक होता. दोन्ही जोडून तिने ‘नो आब्ला’ असे लिहिले. शिक्षकांनी ते खोडून वर ‘नो आब्लेस’ असे लिहिले. ‘नो आब्ला’ ह्या शब्दांचा अर्थ ‘बोलू नकोस’ असा नसून ‘तो बोलत नाही’ असा होतो. आज्ञा करायला गेलेली मुलगी बातमी देऊन बसली.

वडील वही पाहतात आणि तेही कोड्यात पडतात. त्यांचे सारे लेखन इंग्रजीत. इंग्रजीत आज्ञेचे क्रियापद तसेच ठेवून त्याच्यामागे ‘डोन्ट’ लावले की निषेध झाला. शेजारीपाजारी हिंदी चालते. तेथेही ‘बोलो’ आणि ‘मत बोलो’. क्रियापदाला धक्का लागत नाही. मग ह्या स्पॅनिश लोकांनीच क्रियापदाची मोडतोड का करावी? बाप-लेकींचा हा वाद चालू असता स्वयंपाकघरातून आजींचा आवाज येतो: “उगाच बोलत बसू नका गं, ताटं वाढली आहेत.”

वादाचे उत्तर त्या एका वाक्यात होते. आजींनी ‘बसा’ ह्या आज्ञेला ‘नका’ नुसते चिकटवले नाही. ‘बसा नका’ असे मराठी माणूस कधी म्हणत नाही. ‘बस’ ह्या धातूचे ‘बसू’ झाले आणि मग त्याला ‘नका’ लागले. ‘बोल’, पण ‘बोलू नको’. ‘या’, पण ‘येऊ नका’. ‘दे’, पण ‘देऊ नकोस’. मराठीतही निषेधाची आज्ञा म्हणजे विधायक आज्ञा अधिक नकार, असा बेरजेचा हिशेब नाही. निषेध म्हटला की क्रियापदाला रूप बदलावेच लागते. स्पॅनिशमध्ये नेमके हेच घडते. ज्या मुलीने इंग्रजीच्या आणि हिंदीच्या दाराने त्या भाषेत शिरण्याचा प्रयत्न केला, तिला तिच्या घरातले तिसरे दार दिसलेच नव्हते.

हे दार उघडून पाहिले तर पुष्कळ गोष्टी उजेडात येतात. मराठीची नकाराची संपत्ती मोठी आहे. ‘पाऊस नाही’ ह्यात अस्तित्वाचा नकार आहे. ‘हा आंबा नव्हे’ ह्यात ओळखीचा नकार आहे. ‘मला चहा नको’ ह्यात इच्छेचा नकार आहे. ‘खोटे बोलू नये’ ह्यात औचित्याचा नकार आहे. शिवाय ह्या नकारांना पुरुष आणि वचन चालते: नाही, नाहीस, नाहीत, नको, नकोस, नका. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून शाळेतल्या मुलांनी ही रूपे पाठ केली. पण आपल्या हाती काय लागले आहे ह्याचा विचार थोड्यांनीच केला असेल.

त्यातही ‘नको’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मला नको’ ह्यातला नको आणि ‘करू नको’ ह्यातला नको एकच. म्हणजे मराठी माणूस दुसऱ्याला मना करताना इच्छेच्याच नकाराचा शब्द वापरतो. स्पॅनिशची जननी जी लॅटिन, तिच्यातही निषेधासाठी ‘नोली’ असा शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ ‘इच्छू नकोस’ असाच होता. त्याच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप ठेवले की निषेध पूर्ण होई. हजारो कोसांवरच्या दोन भाषा एकाच ठिकाणी येऊन थांबल्या आहेत. दख्खनी उर्दूने तर हा शब्द मराठीकडून उचलला, आणि हैदराबादेच्या रस्त्यावर ‘नक्को’ आजही रोज ऐकू येतो.

स्पॅनिशकडे मात्र नकाराचा शब्द एकच, ‘नो’. नाही, नव्हे, नको, नये ह्या चौघांचे काम त्या एका शब्दाने करायचे. मग भेद दाखवायचा कसा? तो क्रियापदाच्या शेवटच्या स्वराने दाखवला जातो. ज्या क्रियापदाची आज्ञा ‘आ’ने संपते, त्याच्या निषेधात ‘ए’ येतो: ‘आब्ला’, बोल, ‘नो आब्लेस’, बोलू नकोस. ज्याची आज्ञा ‘ए’ने संपते, त्याच्या निषेधात ‘आ’ येतो: ‘कोमे’, खा, ‘नो कोमास’, खाऊ नकोस. दोन स्वरांनी आपापल्या जागांची अदलाबदल केली, इतके लक्षात ठेवले तर अर्धे काम होते. काही नित्याच्या क्रियापदांच्या आज्ञा एकाक्षरी आहेत: ‘दी’ म्हणजे सांग, ‘बेन’ म्हणजे ये, ‘पोन’ म्हणजे ठेव. आपल्याकडेही ‘ये’, ‘जा’, ‘दे’, ‘घे’ ही रोजची रूपे अशीच आखूड आहेत. फार वापरलेले नाणे गुळगुळीत व्हावे, तसे हे शब्द झिजले आहेत.

आता प्रश्न असा की निषेधात हा बदललेला स्वर आला कोठून? तो आज्ञार्थाचा नाही. इच्छा, शंका, विनंती, संभव अशा अर्थी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचा एक वेगळा अर्थ आहे. आपल्या विध्यर्थाशी, म्हणजे ‘करावे’, ‘यावे’, ‘असावे’ ह्या रूपांशी, त्याचे जवळचे नाते जुळते. निषेध करताना स्पॅनिश माणूस आज्ञार्थ सोडतो आणि ह्या अर्थाचा आश्रय घेतो. आणि विशेष हे की आदराची आज्ञा करतानाही तो हेच करतो. ‘तू’ला स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात, हे ऐकून मराठी विद्यार्थ्याला गंमत वाटते; दोन्ही शब्दांचे मूळ कूळ एक आहे. पण आदरार्थी शब्द ‘उस्तेद’ हा. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा झिजून तो झाला, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी चालते. ‘आब्ले उस्तेद’ म्हणजे ‘आपण बोलावे’. पाहुण्याला आपण ‘बस’ म्हणत नाही, ‘बसावे’ म्हणतो. वडीलधाऱ्यांना ‘ये’ म्हणत नाही, ‘यावे’ म्हणतो. हुकमाची धार बोथट करण्यासाठी दोन्ही भाषा इच्छेच्या रूपाकडे वळतात. आदर आणि निषेध ह्या दोन्ही प्रसंगी उघडा हुकूम नको वाटावा, ह्यात माणसाच्या स्वभावाची काही खूण आहे. ज्या वसाहतीचे पहिले नाव विनय नगर होते, तेथे हा धडा शिकला जावा हे उचितच आहे.

सरकारी माणसाला ह्याहून ओळखीची एक गोष्ट सूचनाफलकांवर दिसते. मराठी फलकावर ‘थुंकू नको’ असे लिहीत नाहीत; ‘येथे थुंकू नये’ असे लिहितात. आज्ञा कोणी दिली, कोणाला दिली, हे फलक सांगत नाही. स्पॅनिश फलकही असाच तटस्थ असतो. तेथे क्रियापदाचे मूळ रूप घेऊन त्यापुढे ‘नो’ ठेवतात: ‘नो फुमार’, धूम्रपान करू नये, ‘नो तोकार’, हात लावू नये. पण समोरच्या माणसाला प्रत्यक्ष सांगायचे झाले तर ‘नो तोकेस’, हात लावू नकोस, किंवा आदराने ‘नो तोके’, असे म्हणावे लागते.

ह्या भेदाला केवळ परीक्षेतल्या गुणांचे मोल नाही. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, सरोजिनी नगरच्या ह्याच बाजारात बॉम्बस्फोट झाला आणि खरेदीला आलेली अनेक माणसे दगावली. बेवारशी वस्तूला हात लावू नका, ही सूचना गर्दीच्या ठिकाणी माणूस रोज ऐकतो आणि रोज कानाआड करतो. पण हात लावायचा की लावायचा नाही, हे क्षणात कळले नाही तर व्याकरणाची चूक व्याकरणापुरती राहत नाही. औषधाच्या बाटलीवर, विजेच्या खांबावर, रेल्वेच्या फाटकावर लिहिलेला नकार अचूक समजणे हे कोणत्याही भाषेतील पहिले कर्तव्य होय.

आज्ञांकडून साध्या नकारार्थी शब्दांकडे वळले की मराठीचा आधार पुन्हा सापडतो. स्पॅनिशमध्ये हे शब्द जोडीने येतात. ‘आल्गो’ म्हणजे काहीतरी, ‘नादा’ म्हणजे काही नाही. ‘आल्ग्येन’ म्हणजे कोणीतरी, ‘नाद्ये’ म्हणजे कोणी नाही. ‘स्येम्प्रे’ म्हणजे नेहमी, ‘नून्का’ म्हणजे कधीच नाही. ‘ताम्ब्येन’ म्हणजे सुद्धा, आणि ‘ताम्पोको’ म्हणजे ‘तोही नाही’ ह्यातला ‘ही नाही’. ‘माझ्याजवळ काही नाही’ हे ‘नो तेंगो नादा’ असे सांगतात. इंग्रजी शिकलेला विद्यार्थी येथे अडखळतो. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात, असे त्याला शाळेत शिकवलेले असते. स्पॅनिशमध्ये ते एकमेकांना खात नाहीत, उलट एकमेकांना बळकटी आणतात. आपण ‘कोणी म्हणजे कोणीच आले नाही’ असे म्हणतो, तेव्हा नकारावर भार देण्यासाठी शब्दांची रास घालायला कचरत नाही. ‘नादा’ हा शब्दही मुळात नकारार्थी नव्हता. लॅटिनमधील ‘जन्मलेली वस्तू’ अशा अर्थाच्या शब्दांतून तो उतरला, आणि ‘नो’च्या संगतीत राहून राहून स्वतःच नकार बनला. संगतीचा परिणाम शब्दांवरही होतो तो असा.

तरीही दोन्ही भाषा सर्वत्र जुळतात असे मानणे धोक्याचे आहे. ‘कोणी येत नाही’ हे ‘नो ब्येने नाद्ये’ असे होते. पण ‘नाद्ये’ शब्द क्रियापदाच्या आधी आला तर ‘नो’ गळून पडतो आणि ‘नाद्ये ब्येने’ एवढेच उरते. मराठीत शब्द कोठेही हलवला तरी ‘नाही’ गळत नाही. दुसरा फरक सर्वनामांचा. विधायक आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीला चिकटते: ‘दीमेलो’, ते मला सांग. निषेधात ते पुढे येऊन सुटे उभे राहते: ‘नो मे लो दीगास’, ते मला सांगू नकोस. ह्यातच एक मौजही आहे. ‘नो मे दीगास’ ह्या शब्दांचा अर्थ ‘मला सांगू नकोस’ असा असला, तरी आश्चर्याची बातमी ऐकल्यावर स्पॅनिश माणूस हेच उद्गारतो. आपण त्याच जागी ‘काय सांगतोस!’ म्हणतो.

सर्वांत मोठा खड्डा मात्र ‘हो’ आणि ‘नाही’ ह्या दोन बालबोध शब्दांत आहे. ‘तुम्ही चहा घेत नाही ना?’ ह्या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो, नाही घेत’ असे सहज उत्तर देतो. त्याचा ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला असतो. स्पॅनिश माणूस येथे ‘नो’ म्हणेल, कारण त्याचा शब्द वस्तुस्थितीला जोडलेला असतो. मराठी सवयीने ‘सी’ म्हणणाऱ्या पाहुण्यापुढे नको असलेला पेला येऊन ठेपण्याचा संभव आहे. आणि करारमदाराच्या बैठकीत तर पेल्याहून महागाची वस्तू पदरात पडू शकते. शिवाय लिहिताना ‘सी’वर एक तिरकी रेघ द्यावी लागते. ती असली तर ‘होय’, आणि विसरली तर ‘जर’. संमती आणि अट ह्यांच्यामध्ये केवळ एक रेघ! टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ह्याहून समर्पक ताकीद दुसरी कोणती मिळणार?

मराठी माणूस आणि स्पॅनिश भाषा ह्यांची गाठ आजच पडते आहे असे नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. देशोदेशी भटकून ते १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. तेथील चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका आणि गहू ह्यांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिले. १९५५ मध्ये ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

शेतीच्या शिक्षकाचे बोलणे बहुतांशी आज्ञांचे असते. हे बी पेर, आज पेरू नको, येथे पाणी दे, तेथे देऊ नको. ‘स्येम्ब्रा’ म्हणजे पेर. ‘नो स्येम्ब्रेस’ म्हणजे पेरू नकोस. तेथे कोणी ‘नो स्येम्ब्रा’ म्हटले तर शेतकऱ्याला वाटणार की गुरुजी दुसऱ्याच कोणाविषयी ‘तो पेरत नाही’ असे सांगत आहेत. आणि हंगाम तर थांबत नाही. परक्या देशात परक्या भाषेतून शेतकऱ्याला शिकवणे म्हणजे काय, हे अशा एका स्वरावरून कळते. त्यांच्या कन्या सावित्री साहनी ह्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्राचे नावच ‘मी कधीही क्षमा मागणार नाही’ ह्या अर्थाचे आहे. स्पॅनिशमध्ये ते ‘नून्का पेदिरे पेर्दोन’ असे होईल, किंवा ‘नो पेदिरे पेर्दोन नून्का’ असेही. दोन्ही रचना शुद्ध आहेत. नकाराचा असा खंबीर वापर ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांचे गाव आणि सरोजिनी नगरातल्या त्या आजींचे गाव एकच.

सरोजिनी नगरापासून फारसा दूर नसलेला, दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसराजवळचा एक रस्ता बेनितो हुआरेस ह्यांच्या नावाचा आहे. बस तेथून जाते आणि वाहक ते नाव आपल्या परीने पुकारतो. हुआरेस १८०६ साली मेक्सिकोतील सापोतेक ह्या आदिवासी जमातीत जन्मले. बाराव्या वर्षी ओआहाका शहरात आले तेव्हा त्यांना स्पॅनिश येत नव्हती. ती ते शिकले, कायदेपंडित झाले आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. परकी भाषा शिकणे म्हणजे आपली भाषा टाकणे असा समज दिल्लीसारख्या शहरात लवकर पसरतो. घरातली मुले वडिलांशी इंग्रजीत, शेजाऱ्यांशी हिंदीत आणि केवळ आजीशी मराठीत बोलू लागतात. आजी गेल्या की तेही संपते. मराठीचा येथे उपयोग काय, हा प्रश्न अनेक घरांत उघड विचारला जातो. त्याचे एक उत्तर त्या तांबड्या रेघेत आहे. जगाची एक मोठी भाषा समजून घेण्याची किल्ली घरातच होती. ती खुंटीवर टांगलेली असल्यामुळे कोणी तिच्याकडे पाहिले नाही, एवढेच. ‘किल्ली’ला आपण ‘चावी’ म्हणतो. तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे, आणि पोर्तुगीज ही तर स्पॅनिशची सख्खी बहीण. महिनाअखेर ज्याची वाट पाहायची तो ‘पगार’ही त्याच वाटेने आला; ‘पागार’ म्हणजे स्पॅनिशमध्येही पैसे देणे, चुकते करणे.

सरोजिनी नगरचे जुने रूप आता झपाट्याने पालटले आहे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली. तीत ही वसाहत होती. जुनी घरे पाडून उंच इमारती बांधण्याची आज्ञा निघाली. त्यासाठी हजारो झाडे तोडावी लागणार असे कळताच जून २०१८ मध्ये नागरिक रस्त्यावर आले, काहींनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला स्थगिती दिली. ‘तोडा’ ही एक आज्ञा. ‘तोडू नका’ ही दुसरी. दुसरी म्हणजे पहिलीला लावलेली केवळ एक पुरवणी नव्हे, तिचे बळ स्वतंत्र आहे, हे त्या दिवसांत ह्या वसाहतीने पाहिले.

घरे सरकारची असतात. ती सोडावीच लागतात. ज्या कुटुंबाची कल्पना श्रोत्यांनी केली तेही एक दिवस सामान बांधील. तोवर मुलीने रोज संध्याकाळी दहा वाक्ये लिहावीत. प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणावे आणि मग स्पॅनिशमध्ये उतरवावे. ‘बोल’ आणि ‘बोलू नको’. ‘खा’ आणि ‘खाऊ नको’. ‘विसर’ आणि ‘विसरू नको’. वडिलांनी वही तपासावी. आणि जेथे अडेल तेथे आजींना विचारायला लाजू नये.